वाचक विचारतात : चाक बसते, पण मावते का?

पावसाळा संपल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला : लोअर केलेल्या गाडीला बाहेरची अलॉय चाके कशी निवडावीत? म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. सर्वांत तपशीलवार पत्र सांगलीचे आहे आणि त्यामुळे उत्तरही त्याचेच सर्वांत लांब झाले आहे. इतरांनीही ते आधी वाचावे, म्हणजे त्यांच्या उत्तरांत तीच आकडेमोड पुन्हा करावी लागणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे २०१७ सालची पेट्रोल पोलो आहे. गेल्या वर्षी लोअरिंग स्प्रिंग बसवून ती सुमारे ३५ मिमी खाली घेतली. आता १५ इंची चाके काढून १६ इंची घ्यायची आहेत. दुकानदार ७ इंच रुंदीची, ३५ ऑफसेटची चाके २०५/५५ आर १६ टायरसह देतो आहे आणि ‘पाच बोल्ट जुळले म्हणजे चाक बसलेच’ असे त्याचे म्हणणे आहे. माझ्या मूळ चाकावर ६जे × १५, ईटी ४० असे कोरलेले आहे आणि टायर १८५/६० आर १५ आहे. मी मोजून पाहिले : पुढे टायर आणि शॉकॲब्सॉर्बरची नळी यांच्यात १५ मिमी जागा आहे, मागे फेंडरच्या कडेवरून ओळंबा सोडला, तर टायरची बाहेरची बाजू दोरीच्या १८ मिमी आत राहते. ही चाके घ्यावीत का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : घेऊ नयेत. आपण पैसे देण्याआधी ओळंबा हातात घेतलात हे फार चांगले केलेत, कारण आता अंदाजाने काहीच बोलावे लागणार नाही.

दुकानदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे. चाकण येथे २०२२ पर्यंत तयार होणाऱ्या पोलोचे पीसीडी, म्हणजे बोल्टच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, १०० मिमी आहे आणि बोल्ट पाच आहेत. पाच भोकांच्या चाकात समोरासमोर भोक येत नसल्यामुळे हा व्यास थेट मोजता येत नाही. एका भोकाच्या मध्यापासून एक भोक सोडून पुढच्या भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर घ्यावे आणि त्याला ०.९५१ने भागावे. आपल्या गाडीसाठी हे अंतर ९५.१ मिमी आले पाहिजे. ११२ पीसीडीच्या चाकात ते १०६.५ मिमीच्या आसपास येते, त्यामुळे साध्या फूटपट्टीनेही घोटाळा लक्षात येतो. पण एवढे जुळले म्हणजे चाक हबवर, म्हणजे ज्यावर ते बोल्टने कसले जाते त्या भागावर, बसले, इतकेच सिद्ध होते. ते चाकावरच्या पत्र्याच्या कमानीत मावते की नाही, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

मावणे ठरते ऑफसेटवर. चाकाच्या रुंदीचा मध्य आणि चाक हबला जिथे टेकते तो पृष्ठभाग, यांतले अंतर म्हणजे ऑफसेट. ईटी ४० म्हणजे टेकण्याची जागा मध्यापासून ४० मिमी बाहेरच्या बाजूला आहे. हा आकडा जितका कमी होईल तितके सगळे चाक बाहेर सरकते. रुंदी मात्र दोन्हीकडे सारखी वाढते. त्यामुळे हिशेब दोन ओळींचा आहे : टायरची रुंदी जितकी वाढली तिचा अर्धा भाग दोन्ही बाजूंना मिळवायचा, आणि ऑफसेटमधला फरक एका बाजूला मिळवून दुसऱ्या बाजूतून वजा करायचा. टायरवर छापलेली रुंदी ठरावीक रुंदीच्या रिमवर मोजलेली असते आणि रिम अर्धा इंच रुंद झाली की टायर साधारण ५ मिमी फुगतो, हेही लक्षात ठेवावे. आपला १८५चा टायर ६ इंची रिमवर प्रत्यक्षात १९० मिमीच्या आसपास असेल; २०५चा टायर ७ इंची रिमवर २१० मिमीच्या आसपास भरेल. वाढ २० मिमी, म्हणजे प्रत्येक बाजूला १०. ऑफसेट ४०वरून ३५वर आल्यामुळे चाक ५ मिमी बाहेर जाते. म्हणून आत १० वजा ५ म्हणजे ५ मिमी वाढ आणि बाहेर १० अधिक ५ म्हणजे १५ मिमी वाढ. आपल्या १५ मिमीपैकी आत १० उरतात, ते ठीक आहे. पण मागच्या १८ मिमीपैकी केवळ ३ उरतात, आणि तेही गाडी रिकामी, सपाट फरशीवर उभी असताना.

दुसरी अडचण उंचीची. १८५/६० आर १५ या टायरचा पूर्ण व्यास ६०३ मिमी येतो (बाजूची भिंत १८५च्या ६० टक्के म्हणजे १११ मिमी, ती दोनदा, अधिक रिमचे ३८१), तर २०५/५५ आर १६चा जवळजवळ ६३२ मिमी. व्यासात पावणेपाच टक्क्यांची वाढ, म्हणजे टायरचा माथा कमानीत १४ मिमी अधिक वर. ३५ मिमी आधीच गेले आहेत. हा टायर बाजारात सहज मिळतो म्हणून दुकाने तो पुढे करतात, एवढाच त्याचा गुण आहे.

आता लोअरिंगविषयी, कारण इथे सर्वाधिक गैरसमज आहेत. गाडी खाली घेतली की चाक शॉकॲब्सॉर्बरच्या जवळ जाते, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. पोलोच्या पुढच्या मॅकफर्सन रचनेत शॉकॲब्सॉर्बरची खालची नळी चाकाच्या गाठीलाच घट्ट बांधलेली असते आणि चाकाबरोबरच वरखाली होते, त्यामुळे आतली ती १५ मिमी जागा गाडी उंच असो वा बुटकी, तेवढीच राहते. (कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकॲब्सॉर्बरचा संच, बसवला तर गोष्ट वेगळी, त्याची स्प्रिंगची खालची बैठक टायरच्या बरोबरीने येऊ शकते, म्हणून जागा नव्याने मोजावी.) बदलते ते बाहेरचे आणि वरचे. पुढे गाडी खाली आल्यावर चाकाचा माथा किंचित आत कलतो आणि फेंडरपासून थोडी सूट मिळते. मागे मात्र टॉर्शन बीम आहे. दोन्ही चाके एकाच तुळईला जोडलेली असल्यामुळे गाडी कितीही खाली घेतली तरी चाकांचा कल तसाच राहतो आणि अशी सूट मुळीच मिळत नाही. म्हणूनच लोअर केलेल्या पोलो घासतात त्या बहुतेक मागे, आणि एकट्याने चालवताना नव्हे, तर मागे तीन माणसे आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असताना.

यातून निघणारी गोष्ट अशी, की उभ्या गाडीचे माप हे खरे माप नव्हे. चाक कमानीत जास्तीत जास्त किती वर जाणार, हे स्प्रिंग ठरवत नाही, बंपस्टॉप, म्हणजे चाकाची वरची हालचाल अडवणारे रबर, ठरवतो. मूळचे बंपस्टॉप शाबूत असतील तर चाकाची वरची हद्द कारखान्यातून आली तेवढीच आहे. लोअर केलेली गाडी त्या हद्दीपर्यंत फक्त वारंवार पोहोचते. पण स्प्रिंग बसवताना मेकॅनिकने ते रबर कापले असेल, तर हद्दच वर सरकलेली असते आणि कंपनीने ठेवलेली जागा खाल्ली जाते. आपल्या गाडीचे कापले आहे का, हे त्याला आजच विचारावे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीतला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच, म्हणजे सौम्य उताराचा असतो; आपल्या गल्लीबोळांतले उंचवटे वीतभर रुंदीचे आणि धारदार असतात, तिथे बंपस्टॉपला भेट ठरलेलीच.

मोजण्याची घरगुती पद्धत सांगतो. मुलांच्या खेळातली रंगीत, तेलकट माती घ्यावी (शाडू वाळून तडकतो, तो चालत नाही) आणि तिच्या सुपारीएवढ्या गोळ्या फेंडरच्या आतल्या वळवलेल्या कडेवर, प्लास्टिकच्या लायनरवर आणि पुढे शॉकॲब्सॉर्बरच्या नळीवर चिकटवाव्यात. गाडीत पाच माणसे बसवावीत, एक पुढचे चाक आणि तिरक्या कोपऱ्यातले मागचे चाक चार-पाच इंच उंचीच्या भक्कम फळ्यांवर चढवावे आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवावे. मग दुसरी जोडी तशीच चढवावी. खाली उतरून गोळ्या पाहाव्यात : जिथे गोळी चपटी झाली तिथे उरलेल्या थराची जाडी हीच त्या ठिकाणची खरी जागा. हे मूळ चाकांवर करायचे असते; मग वर दाखवलेली बेरीज-वजाबाकी त्या मापातून करावी. आत ५ मिमी आणि बाहेर ८ ते १० मिमी उरत असतील तरच मी चाकाची ऑर्डर देईन.

तर घ्यावे काय? साडेसहा इंच रुंदीचे, ४० ते ४२ ऑफसेटचे १६ इंची चाक आणि १९५/५० आर १६ टायर. ईटी ४२ धरला तर टायर आत ७ आणि बाहेर फक्त ३ मिमी वाढतो. आपल्या मापांतून आत ८ आणि मागे बाहेर १५ मिमी उरतात. व्यास ६०१ मिमी, म्हणजे मूळच्या टायरला अगदी लागून. हे माप प्रत्येक दुकानात नसते, म्हणून टायर हाती आल्याशिवाय चाकाचे पैसे देऊ नयेत. १९५/५५ आर १६ सहज मिळतो, पण तो ६२१ मिमीचा आहे आणि कमानीत ९ मिमी वर जातो. मातीच्या गोळ्यांनी परवानगी दिली तरच तो घ्यावा. आणि माझे मत विचाराल तर १५ इंचातच राहून साडेसहा इंची रिमवर १९५/५५ आर १५ लावणे हा या गाडीसाठी जास्त शहाणा मार्ग आहे. बाजूची भिंत १०७ मिमी उरते, आणि ३५ मिमी खाली घेतलेल्या गाडीला खड्ड्यात रिम वाचवायला तीच भिंत कामी येते. १७ इंची चाकावरच्या २१५/४०ची भिंत ८६ मिमीची असते. छायाचित्रात सुंदर दिसते.

दोन किरकोळ गोष्टी. टायरचा भारांक ८४च्या, म्हणजे ५०० किलोच्या, खाली जाऊ नये. कमी भिंतीच्या टायरांत तो बऱ्याचदा ८३ असतो, तेव्हा ‘एक्स्ट्रा लोड’ प्रकार मागावा. आणि चाके बदलल्यावर अलाइनमेंट करावेच. लोअर केल्यावर ते केले नसेल तर जुन्या टायरांच्या आतल्या कडा बोट फिरवून पाहा, बहुधा करवतीसारख्या लागतील.

प्रश्न : स्विफ्ट लोअर करून नवी चाके लावली, तर पुढचे डावे चाक शॉकॲब्सॉर्बरला जेमतेम कागदाएवढ्या अंतरावर आहे. दुकानाने ५ मिमीचा स्पेसर, म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारी चकती, सुचवला आहे. चालेल का? (नाशिक)

उत्तर : दोन मापे तपासल्याशिवाय नाही. स्विफ्टच्या हबला स्टड आणि नट आहेत. स्टड तेवढाच लांब राहतो आणि मध्ये ५ मिमीची चकती आली की नटाला मिळणारे आटे ५ मिमीने कमी होतात. स्टडचे आटे १.२५ मिमी अंतराचे आहेत, म्हणजे चार फेरे गेले. नट हाताने फिरवत मोजावेत; किमान आठ पूर्ण फेरे मिळालेच पाहिजेत. दुसरे माप हबच्या मधल्या उंचवट्याचे. चाकाला नेमके मध्यावर धरून ठेवणारा हा उंचवटा चकतीच्या जाडीत बुडून जातो आणि चाक फक्त स्टडच्या आधारावर लोंबते. स्पेसर लावायचाच असेल तर हबवर घट्ट बसणारा, स्वतःचा उंचवटा असलेला घ्यावा आणि स्टड लांब बसवून घ्यावेत. खरा उपाय मात्र कमी ऑफसेटचे चाक हाच आहे, कारण आपण जो ५ मिमी विकत घेत आहात तो चाकावरच्या आकड्यात फुकट मिळाला असता. तोवर एक काम करावे : फक्त डावेच चाक जवळ का, हे शोधावे. दोन्ही बाजू सारख्या हव्यात. एका बाजूला फरक असेल तर वाकलेली नळी किंवा जुन्या अपघाताची खूण असण्याचा संभव आहे.

प्रश्न : होंडा सिटीला नवी अलॉय चाके बसवल्यापासून ८० ते १०० किमी वेगाला स्टिअरिंग थरथरते. तीनदा बॅलन्सिंग केले, फरक नाही. गाडी लोअर केल्यामुळे असे होते का? (ठाणे)

उत्तर : लोअरिंगचा संबंध बहुधा नाही. सिटीच्या हबचा उंचवटा ५६.१ मिमीचा आहे. बाहेरची चाके अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचे मधले भोक मोठे, पुष्कळदा ७३.१ मिमी, ठेवलेले असते. म्हणजे भोवती साडेआठ मिमीची पोकळी. ती भरणारी कडी, हब रिंग, मध्ये नसेल तर चाक मध्यावर बसत नाही आणि बॅलन्सिंगच्या यंत्रावर निर्दोष दिसणारे चाक गाडीवर डगमगते. रिंगवर बाहेरचा आणि आतला असे दोन्ही आकडे छापलेले असतात, ते ७३.१ आणि ५६.१ असेच हवेत, ‘जवळपास’ चालत नाही.

त्याच वेळी नट पाहा. होंडाच्या मूळ अलॉयचे नट गोलाकार बुडाचे असतात, बाहेरच्या बहुतेक चाकांना शंकूच्या आकाराचे लागतात. गोल बूड शंकूच्या खळग्यात एका बारीक रेषेवर टेकते आणि कसलेला नट सैल होतो. माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीला एका दुकानाने असेच जुने नट परत लावले होते. खंबाटकी घाट उतरताना डावीकडून टक-टक ऐकू आले, गाडी कडेला घेतली आणि टोपी काढून पाहिली, तर दोन नट बोटाने फिरत होते आणि चाकाच्या भोकांभोवती ॲल्युमिनियमचा चंदेरी भुगा साचला होता. तेव्हापासून चाक बसवून घेताना मी शेजारी उभा राहतो. आपले नट टॉर्क पान्याने १०८ न्यूटनमीटरला कसावेत आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. पोलोचे सांगलीकर वाचक हे वाचत असतील, तर त्यांच्यासाठीही : फोक्सवॅगनचे मूळ बोल्टही गोल बुडाचेच आहेत, टॉर्क १२० न्यूटनमीटर, आणि नवे बोल्ट गरजेपेक्षा लांब घेतले तर मागच्या ड्रममध्ये आतल्या भागांना घासतात.

प्रश्न : फेंडरच्या बाहेर टायर थोडा दिसावा अशी माझी इच्छा आहे. कायद्याची अडचण येते का? (पणजी)

उत्तर : येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ सैल लावता येणार नाही हे स्पष्ट केले. व्यवहारात सुरक्षित बाजू अशी, की आपल्याच मॉडेलच्या कोणत्या ना कोणत्या प्रकाराला कंपनीने दिलेल्या टायरच्या मापात राहावे आणि टायर कमानीच्या आत ठेवावा. दाराच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणामागे चिकटवलेल्या पट्टीवर टायरची मापे दिलेली असतात. विमा कंपनीला बदल लेखी कळवून पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले दाव्याच्या वेळी कुणाला आठवत नाही. शिवाय गोव्याच्या पावसात कमानीबाहेरचा टायर लाल चिखल थेट दारांवर आणि मागून येणाऱ्याच्या काचेवर उडवतो, हे तर आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

प्रश्न : फेंडरची आतली कड ‘रोल’ करून, म्हणजे आत दाबून सपाट करून, घेतली तर जागा वाढते म्हणतात. करावे का? (कोल्हापूर)

उत्तर : वाढते, काही मिलिमीटर. पत्रा तापवून हळूहळू वळवला नाही तर रंगाला बारीक भेगा पडतात आणि दोन पावसाळ्यांत तिथून गंज फुटतो. योग्य ऑफसेट निवडला तर हे करण्याची वेळ येत नाही.

प्रश्न : मी श्टुटगार्टला असतो. सातव्या पिढीच्या गोल्फला लोअरिंग स्प्रिंग आहेत, आता चाके घ्यायची आहेत. चाकाला एबीई, म्हणजे इथले सर्वसाधारण मान्यता प्रमाणपत्र, आहे, तेवढे पुरते का? (जर्मनी)

उत्तर : सहसा नाही. आपल्या गोल्फचे पीसीडी ११२, तेव्हा पोलोसाठी वर दिलेले आकडे इथे लावू नयेत. चाकाच्या एबीईमध्ये कोणती गाडी, कोणता टायर आणि कोणत्या अटी यांची यादी असते, आणि त्या अटींत बहुधा मूळ सस्पेन्शन गृहीत धरलेले असते. स्प्रिंगचे प्रमाणपत्र वेगळे, चाकाचे वेगळे. दोन्ही एकत्र आल्यावर त्या जोडीची तपासणी ट्यूफ किंवा डेक्रासारख्या संस्थेकडून करून घेऊन तशी नोंद घ्यावी लागते, नाहीतर गाडीची चालवण्याची मान्यताच रद्द ठरू शकते. तिथला तपासनीस गाडी तिरकी चढवून, एका बाजूची स्प्रिंग पूर्ण दाबून, स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवून टायर कुठे लागतो ते पाहतो. सांगलीच्या वाचकांना मी फळ्या आणि माती घेऊन करायला सांगितले ते हेच. दोन्ही प्रमाणपत्रे घेऊन टायर खरेदी करण्याच्या आधीच त्याच्याकडे जावे. रिमवर एकदा चढवलेला टायर दुकान परत घेत नाही.